बिनआवाजाचा संगणक

"मालिनी, दहा सेकंद श्वास घेऊ नकोस," मी म्हणालो.

मालिनीने पदर तोंडाशी धरला आणि श्वास रोखला. एप्रिलमधली दुपार, अडीचचा सुमार. सांगलीत त्या वेळी माणसं तर सोडाच, कुत्रीसुद्धा आवाज करत नाहीत. तरीही मी खबरदारी घेतली होती. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद. भिंतीवरचं घड्याळ काढून आतल्या खोलीत दोन उशांच्या मध्ये ठेवलं होतं. टीव्हीच्या टेबलासमोर गुडघे टेकून मी मोबाइल त्या काळ्या डब्याच्या पाठीशी धरला होता. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप होतं. त्यातला काटा एकतीसवर थरथरत होता.

"सोडू का श्वास?" मालिनीने विचारलं.

"सोडलासच की! आता पुन्हा पहिल्यापासून."

"अहो, फ्रिजमध्ये दूध आहे. काल नासलं, परवा नासलं. आज तरी राहू दे."

"दूध महत्त्वाचं की आवाज?"

तिने उठून फ्रिज चालू केला आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी वहीत लिहिलं: यंत्र क्रमांक दोन, बंद खोलीत एकतीस डेसिबल, शिवाय एक बारीक 'सूं'. नामंजूर.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. ती वही अजून माझ्याकडे आहे, पण कोणी मागितली तरी मी दाखवत नाही.

मी, वाटवे, इचलकरंजीजवळच्या एका कापडगिरणीत वीव्हिंग, म्हणजे विणकाम खात्यात एकतीस वर्षं होतो. शेवटची अठरा वर्षं वीव्हिंग मास्तर. निवृत्त झाल्यावर आम्ही सांगलीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मालिनी शाळेत मराठी शिकवायची. तिला नाटकांचं अतोनात वेड. पण माझ्या शिफ्टच्या नोकरीपायी एकतीस वर्षांत आमची मिळून सहा नाटकं झाली, त्यांतल्या दोन नाटकांत मी मध्यंतराआधीच झोपलो होतो. पुण्याच्या आमच्या मुलीने, गौतमीने, फोनवर सुचवलं, "बाबा, टीव्हीला एक छोटा कॉम्प्युटर जोडून घ्या ना. इंटरनेटवर जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग्ज आहेत, मैफली आहेत. आई दिवसभर बघत बसेल. फक्त डबा लहान घ्या, आणि आवाज न करणारा. आमच्या घरातला नुसता घुमतो."

पोरगी सहज बोलून गेली. मी मात्र 'आवाज न करणारा' हे तीन शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यांच्याखाली दोन रेघा मारल्या.

मालिनीनेही त्या दिवशी एक कागद घेतला आणि बघायच्या राहिलेल्या नाटकांची यादी केली. अडतीस नावं झाली. कागद तिने टीव्हीखाली सरकवून ठेवला. हे डिसेंबरमध्ये.

जानेवारीत मी अभ्यास सुरू केला. गिरणीत एक साधा बेअरिंग घ्यायचा तरी मी तीन कोटेशनं मागवत असे, त्यामुळे शिस्त अंगात होतीच. दोनशे पानी वहीत रकाने आखले. यंत्राचा आकार, प्रोसेसर, मेमरी, मागची भोकं किती, तापतं किती, आणि आवाज. इंटरनेटवर एक मंच सापडला, तिथे जगभरातले लोक फक्त संगणकाच्या आवाजाविषयी बोलत. नॉर्वेतल्या एका गृहस्थाने पंखा काढून यंत्र खिडकीबाहेर बर्फात ठेवलं होतं. मी त्याला अभिनंदन कळवलं. रोज सकाळी दोन तास मी तिथे वाचत असे. स्वयंपाकघरात मालिनी पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून, कानात वायर घालून भाजी चिरता चिरता काहीतरी बघत असायची. माझ्या वाचनात व्यत्यय नको म्हणून कानात वायर.

"काय बघतेस?" मी एकदा विचारलं.

"यादीतलं पहिलं," ती म्हणाली. "माणसं दिसत नाहीत नीट, मुंग्यांएवढी आहेत. पण बोललेलं कळतं."

"थोडं थांब. अगदी योग्य यंत्र आणतो तुला."

"आणा," ती म्हणाली आणि पुन्हा वायर कानात घातली.

फेब्रुवारीत मी सुकुमार मगदूमच्या दुकानात पोचलो. स्टेशन रोडला त्याचं छोटं दुकान. पुढे काउंटर, मागे दुरुस्तीची खोली. माणूस चाळिशीचा, बोलायला गोड, घाई न करणारा. मी वही उघडून त्याला सगळं ऐकवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सर, एवढा अभ्यास करून आलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय बघा," तो म्हणाला.

त्यात कौतुक किती होतं हे मी तपासायला हवं होतं. मी सगळंच कौतुक धरलं.

त्याने दाखवलेलं पहिलं यंत्र अर्धा किलो पेढ्यांच्या खोक्याएवढं होतं. घरी आणलं, चालू केलं, आणि मला आतला पंखा ऐकू आला. परत केलं. दुसरं आणखी लहान, हळू फिरणाऱ्या पंख्याचं. त्यातून पंखा ऐकू येत नव्हता, पण एक 'सूं' येत होता. बारीक, सलग, शिट्टीच्या शेपटासारखा. तेच हे एकतीस डेसिबलवालं, ज्याच्यासाठी मालिनीने श्वास रोखला होता. तेही परत.

"सर, मला न्हाई हो ऐकू येत," मगदूमने दुकानात यंत्राला कान लावून सांगितलं.

"रस्त्यावर ट्रक चाललेत. इथे कसा येईल?"

"ते बी खरं. मग असं करू, बिनपंख्याचं मागवतो. आत फिरणारं काहीच नसतं. ना पंखा, ना तबकडी. नुसता पत्रा आणि सर्किट. देवळातल्या दगडासारखं गप बसतंय."

ते यायला तीन आठवडे लागले. काळंभोर, जड, वरच्या बाजूला पत्र्याचे उभे दात. उष्णता त्या दातांतून बाहेर जाते, पंख्याची गरजच नाही. मला यंत्र फार आवडलं. संध्याकाळी मालिनी यादी घेऊन टीव्हीसमोर बसली. मी म्हटलं, आधी चाचणी.

सगळं बंद करून मी कान दिला. 'सूं' होताच.

मालिनीने यादीची घडी घातली.

त्या रात्री मंचावर मला उत्तर मिळालं. पंखा नसलेल्या यंत्रातसुद्धा तारेच्या वेटोळ्यांतून, म्हणजे कॉइलमधून, वीज जाताना बारीक शीळ वाजू शकते. ती सगळ्यांना ऐकू येत नाही, फक्त तीक्ष्ण कानाच्या माणसांना येते, असं पोर्तुगालच्या एकाने लिहिलं होतं. हे वाचून मला यंत्राचा राग आला तसा कानांचा अभिमानही वाटला. एकतीस वर्षं तीनशे मागांमध्ये काढूनही माझे कान शाबूत होते म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मगदूमला फोन केला. "तुमच्या यंत्राच्या कॉइलमध्ये दोष आहे."

"दुसरा पीस लावून बघू का सर?"

"बघा."

दुसरा पीस आला. 'सूं' होता. तिसरा आला. होताच.

आता माझी खात्री पटली की हा माणूस मला दोष असलेला, कुठूनतरी परत आलेला माल खपवतोय. एकच डबा पुसून पुन्हा पुन्हा आणत असेल. आमच्या सायंतारा ज्येष्ठ मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, एकशे बारा सभासदांचा. मी तिथे लिहिलं: 'सांगलीतील एका संगणक विक्रेत्याने मला लागोपाठ सदोष यंत्रे दिली. सभ्यता म्हणून नाव लिहीत नाही. कोणास हवे असल्यास खासगीत विचारावे.'

चव्वेचाळीस जणांनी खासगीत विचारलं. चव्वेचाळीस जणांना मी सभ्यपणे नाव सांगितलं.

मंडळाच्या वाचनालयासाठी मगदूमकडून तीन संगणक घ्यायचे ठरले होते. ते रद्द झाले. कार्यकारिणीच्या बैठकीत माझ्या 'जागरूकतेबद्दल' टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप वर गेले.

आठवड्याने मगदूमचाच फोन आला. आवाजात राग नव्हता.

"सर, तुमच्या घरी येऊ का? नवंकोरं, सील न फोडलेलं यंत्र आणतो. तुमच्यासमोर फोडू. तुमचं कोण जाणकार असेल तर त्यांनाही बसवा. आवाज आला तर मी मंडळात येऊन सगळ्यांपुढं चूक कबूल करतो."

"आणि नाही आला तर?"

"नाही आला तर तुम्ही सांगा त्यांना. एवढंच."

मला हा प्रस्ताव फारच आवडला, कारण तो कसा संपणार हे मला माहीत होतं.

जाणकार म्हणून मी देशिंगकरांना बोलावलं. ते आमच्याच मजल्यावर राहत. विजेच्या खात्यात बत्तीस वर्षं काढलेले, आणि ती बत्तीसही वर्षं दर दहा मिनिटांनी आठवणारे. घरातला बल्ब उडाला तरी ते व्होल्टेजचा इतिहास सांगत.

मंगळवारी दुपारी तीनला मगदूम स्कूटरवरून आला. मालिनीने त्याला पाणी दिलं. त्याने आमच्यासमोर सील फोडलं, यंत्र टीव्हीच्या टेबलावर ठेवलं, वायर लावली. पुढच्या बाजूला मोहरीएवढा हिरवा दिवा लागला. टीव्हीवर चित्र आलं, यंत्र चालतंय हे सगळ्यांनी पाहिलं.

"आता टीव्ही बंद करा," मी म्हणालो. "टीव्हीचाही आवाज मिसळायला नको."

मी घरभर फिरून नेहमीप्रमाणे सगळं बंद केलं. पंखा, फ्रिज, पाण्याचा फिल्टर. खिडक्या लावल्या. मग चौघं त्या डब्याभोवती बसलो. मी आणि देशिंगकर सोफ्यावर, मालिनी खुर्चीत, मगदूम टेबलाशेजारी जमिनीवर मांडी घालून.

"यंत्राला दहा मिनिटं तापू द्या," देशिंगकर म्हणाले. "थंड कॉइल आवाज करत नाही. आमच्या सबस्टेशनला एकदा..."

"देशिंगकर, आवाज नको."

ते गप्प झाले. दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मालिनीच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला, तो पुसायलाही तिने हात हलवला नाही. खाली कुठेतरी कोणीतरी हाक मारत होतं, तेही थांबलं.

आणि मग तो आला. स्वच्छ, सलग. मी बोट वर केलं.

"ऐका. आत्ता. येतोय की नाही?"

देशिंगकरांनी डोळे मिटले, मान थोडी तिरकी केली. बराच वेळ लावला. मग सावकाश मान हलवली. "आहे. बारीक आहे, पण आहे. पन्नास हर्ट्‌झचा गुंजारव. बत्तीस वर्षं ऐकलाय, माझे कान चुकणार नाहीत."

"मालिनी?"

"मला नाही येत," ती म्हणाली.

"तुला नाही येणार. मगदूम, तुम्ही सांगा. प्रामाणिकपणे."

मगदूम उत्तर द्यायला यंत्राकडे वळला. कान लावायला पुढे वाकला आणि अर्ध्यात थांबला. त्याने यंत्राच्या पुढच्या बाजूकडे पाहिलं, मग भिंतीतल्या बटणाकडे, मग माझ्याकडे. माझं बोट अजून वरच होतं. त्याच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी तेव्हा शरम समजलो.

त्याने हात पुढे करून तळवा यंत्राच्या तोंडावर ठेवला, आपण गाईच्या कपाळावर ठेवतो तसा.

"होय सर," तो हळूच म्हणाला. "येतोय. माझी चूक झाली."

"म्हणजे मान्य?"

"मान्य. काढून नेतो मी. तुम्हाला त्रास झाला, वहिनींना झाला. मंडळाची बैठक कधी आहे तेवढं सांगा, येऊन बोलतो."

तळवा न काढता त्याने दुसऱ्या हाताने वायर ओढून काढली, यंत्र खोक्यात घातलं. मालिनी म्हणाली, "चहा तरी घ्या." तो म्हणाला, "पुन्हा कधीतरी वहिनी." जाताना त्याने मला वाकून नमस्कार केला. मी मोठ्या मनाने तो स्वीकारला.

दार लागल्यावर मी देशिंगकरांच्या हातावर टाळी दिली. "बघितलंत?"

"अहो, खात्यातला माणूस समोर बसल्यावर काय बिशाद आहे," देशिंगकर म्हणाले.

"पंखा लावा आता, जीव गेला," मालिनी म्हणाली आणि उठून तिनेच बटण दाबलं. पंखा हलला नाही. तिने पुन्हा दाबलं. मग दिव्याचं दाबलं. मग फ्रिजचं.

"लाइट नाहीये," ती म्हणाली.

"आत्ता गेली असेल," देशिंगकर म्हणाले.

तेवढ्यात दार वाजलं. इमारतीचा वॉचमन शिवाप्पा धापा टाकत उभा होता. "देशिंगकर साहेब हैत का हितं? खाली मीटरपाशी फ्यूज उडालाय. पाव तास झाला, हाका मारायलोय. लिफ्ट बी बंद हाय. ते दुकानवाले आत्ता खोकं घिऊन चार जिने उतरून गेले बघा."

पाव तास.

देशिंगकरांनी चपला शोधायला नको तितका वेळ लावला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कधी कधी भार शिल्लक राहतो वायरीत." आणि फ्यूज बघायला गेले. त्यानंतर दोन महिने ते जिन्यात दिसले की मोबाइलवर बोलत असायचे.

मी सोफ्यावर बसून राहिलो. टेबलावर यंत्र नव्हतं. घरात वीज नव्हती. आणि 'सूं' येत होता. तसाच, तेवढाच, बारीक आणि सलग.

मालिनी खिडक्या उघडून आली आणि माझ्याजवळ बसली.

"अजून येतोय?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"किती दिवसांपासून?"

मला खरोखर सांगता येईना. निवृत्तीच्या आधी कितीतरी वर्षं. गिरणीत मागांचा धडधडाट असायचा, त्यात तो कळत नसे. घरी आलो, दिवा मालवला की सुरू व्हायचा. "मला वाटायचं, शांततेला असाच आवाज असतो," मी म्हणालो. "सगळ्यांनाच येत असेल."

मालिनीने माझ्याकडे बघितलं. "नाही हो," ती म्हणाली. "शांततेला काहीच आवाज नसतो."

ही गोष्ट वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळली.

दोन दिवसांनी आम्ही मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉ. रुबिना मुजावर, आमच्या गौतमीच्या वयाच्या. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र लावलं आणि सांगितलं, शिट्टी ऐकू आली की बटण दाबा. माझ्या कानात शिट्टी अखंडच होती, त्यामुळे मी बटण दाबूनच धरलं. त्यांनी पुन्हा समजावलं. मग कागदावर आलेख काढून आमच्यासमोर ठेवला. रेघ डावीकडून जरा सरळ चालत होती आणि अर्ध्यावर विहिरीत पडावी तशी खाली गेली होती.

"वरच्या पट्टीचं ऐकणं खूप कमी झालंय काका," त्या म्हणाल्या. "आणि जे ऐकू येत नाही त्या जागी मेंदू स्वतःच आवाज तयार करतो. तो तुम्हाला येतोय. काम कुठे होतं तुमचं?"

"वीव्हिंग. तीनशे माग."

"कानाला काही लावत होतात?"

"तशी पद्धत नव्हती," मी म्हणालो.

मालिनीने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. ती गोष्ट मीच तिला किती वेळा सांगितली होती, आणि पाहुण्यांना सांगताना ती कितीदा चहाचा ट्रे घेऊन शेजारी उभी असायची.

वर्ष एक्याण्णव. वीव्हिंग खात्यातल्या त्रेपन्न कामगारांनी सह्या-अंगठ्यांचा एक अर्ज माझ्याकडे दिला होता. मागांच्या आवाजाने कानाला त्रास होतो, घरी बायकापोरांचं बोलणं ऐकू येत नाही, तरी कानात घालायचे रबरी बोळे मिळावेत. मी तेव्हा नुकताच असिस्टंट झालो होतो. अर्ज वर पाठवताना त्यावर शेरा लिहायचा होता. मी लिहिलं: 'कापूस आपल्याच गिरणीत मुबलक आहे.' वरचे साहेब पोट धरून हसले. अर्ज फाइलला गेला. त्या शेऱ्याने माझं नाव झालं. हजरजबाबी माणूस म्हणून पुढे दहा वर्षं लोक ओळखत. निवृत्तीच्या समारंभातही एका वक्त्याने तो किस्सा सांगितला आणि सभागृहात हशा झाला. पुढच्या रांगेत बसलेले जुने कामगारही हसले होते, असं मला आठवतं. आता वाटतं, त्यांना वक्ता काय बोलला ते ऐकूच गेलं नसेल, बाकीचे हसले म्हणून हसले असतील.

"यावर औषध?" मालिनीने डॉक्टरांना विचारलं.

"बरं होणारं नाही. पण सवय करता येते. एक करा, घर अगदी शांत ठेवू नका. शांततेत हा जास्त त्रास देतो. पंखा, रेडिओ, काहीतरी हलका आवाज चालू असू दे."

मालिनी इतकी हसली की डॉक्टर गोंधळल्या. ती हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "पाच महिने झाले हो, मी श्वास रोखून बसलेय."

घरी आल्यावर मी ग्रुपवर लिहिलं. चार वेळा लिहिलं आणि खोडलं. पहिल्या मसुद्यात 'गैरसमज' होता, दुसऱ्यात 'तांत्रिक कारण'. शेवटी लिहिलं: 'मी ज्या विक्रेत्याबद्दल लिहिले ते श्री. सुकुमार मगदूम. त्यांच्या यंत्रात दोष नव्हता. दोष माझ्या कानात आहे. वीज नसतानाही मला आवाज आला. त्यांनी मला उघडे न पाडता चूक स्वतःवर घेतली. मी त्यांची व आपणा सर्वांची माफी मागतो.' यावेळी नाव खासगीत सांगायची सोय ठेवली नाही.

एकशे बारापैकी नऊ जणांनी अंगठा दाखवला. एकाने गुलाबाचं चित्र आणि शुभ सकाळ पाठवली. दोघांनी कानाच्या डॉक्टरांचा नंबर विचारला. खासगीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो. तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. मगदूमने मला पाहिलं आणि काउंटरच्या मागून बाहेर आला.

"सर, तुम्ही कशाला आलात? फोन करायचा की."

"मंडळात तुम्ही यायची गरज नाही. मी लिहिलंय."

"वाचलं. कुणीतरी पाठवलं मला. एवढं लिहायला नको होतं सर."

"हिरवा दिवा विझलेला तुम्ही पाहिला होतात."

तो काउंटरवरचे कागद नीट करू लागला.

"मग सांगितलं का नाही? मी तुमचं दुकान बुडवायला निघालो होतो."

मगदूमने डोकं खाजवलं. "देशिंगकर साहेब बसले होते, वहिनी बसल्या होत्या. तुम्ही बोट वर करून ऐकत होता. आमचे वडील, अण्णा, पण असंच बोट वर करतात. घरात कुणी नसताना विचारतात, मिक्सर कोण चालवतंय? आधी आम्ही हसायचो. एकदा माझी धाकटी त्यांना बोलली, अण्णा, तुमच्या डोक्यातच मिक्सर हाय. तवापासून त्यांनी विचारायचंच सोडलं. गपच बसतात. ते काय चांगलं झालं न्हाई बघा. तुम्हाला तसं करायचं नव्हतं मला."

 मी कामाचंच बोललो. "मला एक यंत्र हवंय. हिला नाटकं बघायचीत. पंख्याचं द्या. जरा आवाज करणारं."

"आवाज करणारं?" मगदूमने खात्री करून घेतली.

"डॉक्टरांनी सांगितलंय."

काउंटरवरचं एक गिऱ्हाईक वळून माझ्याकडे बघायला लागलं. मगदूमचा चेहरा मात्र हलला नाही. "देतो की. तुमचं पहिलं गेलं, पण त्याच्याहून घुमणारं आहे. लोक परत आणून देतात म्हणून मागं ठेवलंय." आणि मग तो हसला. पहिल्यांदाच हसला.

तो ते आणायला मागच्या खोलीत गेला, त्याच्यामागून मीही गेलो. तिथे बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, टोपी, हातात जुन्या वायरींचा गुंता. एकेक वायर सोडवून सरळ करून ठेवत होते.

"हे अण्णा," मगदूम म्हणाला. "इचलकरंजीत छत्तीस वर्षं मागावर होते. अण्णा, हे वाटवे सर. गिरणीत मोठे साहेब होते."

अण्णांनी मला नमस्कार केला. आमची गिरणी वेगळी, त्यांची वेगळी. त्यांना माझी काही ओळख नव्हती आणि त्यांचं माझ्याकडे काहीही देणं-घेणं नव्हतं. परत फिरून यंत्र घेऊन घरी जाता आलं असतं.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणालो.

अण्णांनी कानामागे हात धरला. "काय म्हनला?"

"मोठ्यानं बोलावं लागेल सर," मगदूम म्हणाला.

"एक्याण्णव साली," मी आवाज चढवला, "कामगारांनी माझ्याकडे अर्ज दिला होता."

"कशाचा?"

"कानाच्या बोळ्यांचा."

"कशाच्या?"

"कानात घालायच्या बोळ्यांचा!" मी ओरडलो. बाहेर काउंटरवरचं बोलणं थांबलं. "मी ते दिले नाहीत! मी त्यावर लिहिलं, कापूस आपल्याच गिरणीत मुबलक आहे!"

इतकी वर्षं तो शेरा मी कितीतरी लोकांना ऐकवला होता. एवढ्या मोठ्याने, आणि कोणी न हसता, तो पहिल्यांदाच ऐकला.  मगदूम यंत्राचं खोकं हातात धरून उभा होता.

अण्णांनी हातातली वायर सरळ केली, बाजूला ठेवली.

"घालत हुतो की आम्ही कापूस," ते म्हणाले. "आमच्यातबी तसंच सांगितल्यालं. कापसानं काय हुत न्हाई."

मी उभाच होतो. त्यांनी आपल्या कानाकडे बोट केलं, मग माझ्याकडे.

"तुमास्नी कंच्यात येतंय? डाव्यात का उजव्यात?"

"दोन्हीत," मी ओरडून सांगितलं.

अण्णा बाकावर थोडे सरकले आणि वायरींचा अर्धा गुंता माझ्या बाजूला ठेवला.